हवा अडवायची, लहर सोडायची : मायक्रोवेव्ह नळ्यांमधल्या सिरॅमिकची ओळख

गेल्या वर्षी माझ्या आत्याचे कर्करोगावरचे रेडिएशनचे उपचार चालू असताना मधेच चार दिवस खंड पडला. विभागाच्या दारावर ‘मशीन बंद आहे’ एवढाच कागद चिकटवलेला होता आणि बाहेरच्या बाकांवर दूरवरून आलेली माणसे डबे मांडीवर घेऊन बसली होती. दुरुस्तीसाठी आलेल्या अभियंत्याला मी विचारले, तेव्हा त्याने पेटीतून एक गोल पांढरी चकती काढून दाखवली. तळहातावर सहज मावेल एवढी, तांब्याच्या कड्यात घट्ट बसवलेली. मध्यापासून कडेपर्यंत केसाएवढी भेग गेलेली होती आणि भेगेच्या दोन्ही अंगांना तपकिरी डाग पडला होता. ‘खिडकी गेली,’ तो म्हणाला. कोट्यवधी रुपयांचे यंत्र या चकतीपायी थांबले होते.

‘स्वदेशी ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब’, ‘उच्च शक्तीचा क्लायस्ट्रॉन’ असे शब्द बातम्यांत अधूनमधून येतात आणि बहुतेक वाचक ते ओलांडून पुढे जातात. त्या नळ्यांविषयी थोडेफार लिहिले जाते, पण त्यांच्या आतल्या सिरॅमिकविषयी जवळजवळ काहीच नाही. माझे म्हणणे असे आहे की नळी किती शक्ती देईल आणि किती वर्षे टिकेल, हे पुष्कळदा तिच्यातला हा पांढरा तुकडा ठरवतो.

आधी नळी म्हणजे काय ते पाहू

मायक्रोवेव्ह म्हणजे रेडिओलहरींचाच एक प्रकार. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये त्या सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा हेलकावतात, रेडिएशनच्या यंत्रात साधारण ३०० कोटी वेळा आणि डिशवर दूरचित्रवाणी पाठवणाऱ्या उपग्रहात हजार कोटींहून अधिक वेळा. अशा लहरी थोड्या शक्तीने निर्माण करणे आज अवघड नाही. आपल्या खिशातला मोबाइल तेच करतो. त्या हजारो किंवा लाखो वॅटच्या शक्तीने हव्या असतील, तर मात्र अजूनही निर्वात नळी लागते. निर्वात नळी म्हणजे आतली हवा जवळजवळ पूर्ण काढून घेतलेले धातूचे बंद भांडे, ज्याच्या पोकळीत इलेक्ट्रॉनचा झोत सोडलेला असतो.

अशा नळ्यांची मुख्य घराणी तीन आहेत. १९३७ साली स्टॅनफर्डमध्ये रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या भावांनी क्लायस्ट्रॉन बनवला. १९४० साली बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांनी आजच्या धर्तीचा, पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन बनवला, ज्याचे वंशज घरोघरच्या ओव्हनमध्ये आहेत. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच रुडॉल्फ कॉम्फनर यांनी ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब शोधली. तिला इथून पुढे टीडब्ल्यूटी म्हणू. मॅग्नेट्रॉन स्वतःच लहर निर्माण करतो, तर उरलेले दोघे बाहेरून आलेली क्षीण लहर मोठी करून देतात, म्हणजे ते खऱ्या अर्थाने वर्धक आहेत.

लहर मोठी होते कशी? एसटीच्या आगारातून गाड्या ठरलेल्या अंतराने सुटतात असे समजा. रस्त्याच्या सुरुवातीलाच कोणी काही गाड्यांना थोडा वेग दिला आणि काहींना थोडे रोखले, तर काही मैलांनंतर मागच्या वेगवान गाड्या पुढच्या मंद गाड्यांना गाठतात आणि रस्त्यावर गाड्यांचे घोळके तयार होतात. क्लायस्ट्रॉनमध्ये क्षीण लहर इलेक्ट्रॉनच्या झोताशी नेमके हेच करते. झोताच्या वाटेवरच्या शेवटच्या पोकळीपाशी, म्हणजे धातूच्या पोकळ डब्यापाशी, पोचेपर्यंत एकसारख्या झोताचे ठोके पडू लागलेले असतात आणि तालात आलेल्या त्या घोळक्यांची ऊर्जा पोकळी लहरीच्या रूपाने काढून घेते. ही ऊर्जा मूळ लहरीतून आलेली नसते. ती झोताला पळवणाऱ्या उच्च दाबाच्या विजेतून आलेली असते.

यात सिरॅमिकचे काय काम?

या वर्णनात तीन अडचणी दडलेल्या आहेत. पहिली अशी की झोत पळवण्यासाठी नळीच्या एका टोकाला प्रचंड विद्युतदाब द्यावा लागतो, मोठ्या क्लायस्ट्रॉनला तर साडेतीन लाख व्होल्टपर्यंत, आणि उरलेली नळी जमिनीला जोडलेली असते. या दोहोंच्या मधे विजेला अडवणारे पण भांडे हवाबंद ठेवणारे काहीतरी हवे. दुसरी, तयार झालेली लहर नळीबाहेर काढायची आहे, पण बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही. हे काम करणाऱ्या चकतीलाच खिडकी म्हणतात. तिसरी, टीडब्ल्यूटीच्या आत तारेचे एक नाजूक वेटोळे असते, ते कशाला तरी टेकवून उभे करावे लागते आणि त्याची उष्णता बाहेर न्यावी लागते.

धातू या तिन्ही ठिकाणी बाद होतो, कारण तो विजेला अडवत नाही आणि मायक्रोवेव्हला आरपार जाऊ देत नाही. प्लॅस्टिक आणि रबर निर्वातात वायू सोडत राहतात आणि नळी बनवताना तिला शेकडो अंशांवर तासन्‌तास तापवतात तिथे तर ती टिकतच नाहीत. मग उरते सिरॅमिक, म्हणजे धातू नसलेल्या संयुगांची बारीक पूड दाबून, भट्टीत भाजून केलेली वस्तू.

सगळ्यांत जास्त वापरले जाते ते ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. ते आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. दुचाकीचा स्पार्क प्लग काढून पाहा. लोखंडी षटकोनातून वर आलेला जो पांढरा, गुळगुळीत भाग दिसतो तो ॲल्युमिनाच असतो. तो हजारो व्होल्ट अडवतो, खाली इंजिनाचा जाळ सोसतो आणि तरी वर्षानुवर्षे चालतो. नळीतले सिरॅमिक या प्लगचेच चुलत भावंड आहे. फक्त ते अधिक शुद्ध असते आणि त्याच्याकडून केल्या जाणाऱ्या अपेक्षा फार कडक असतात.

पण चिनी माती तर ठिसूळ असते

ही शंका रास्त आहे. लोणच्याची बरणी हातातून निसटली की काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. मात्र सिरॅमिकचा दुबळेपणा एकतर्फी आहे. ते ओढले किंवा वाकवले तर पटकन तडकते, दाबले तर विलक्षण तग धरते. म्हणून ही कामे करणारे लोक सिरॅमिकवर नेहमी दाब राहील अशीच रचना करतात.

बैलगाडीच्या चाकाला लोहार लोखंडी धाव चढवायचा, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच उमगेल. धाव तापवून फुगवायची, लाकडी चाकावर बसवायची आणि पाणी मारायचे. ती आकसते आणि चाकाला कायमची आवळून धरते. ॲल्युमिनाच्या चकतीभोवती तांब्याचे कडे जोडल्यावर निवताना तेच होते, कारण तांबे ॲल्युमिनाच्या दुपटीहून अधिक आकसते. एक अडचण मात्र राहते. जोडताना तापलेले तांबे इतके फुगते की चकतीपासून सुटून सांधाच जुळत नाही. म्हणून कड्याच्या बाहेरून मॉलिब्डेनमच्या तारेचे वेढे घालतात. मॉलिब्डेनम तापल्यावर फारसे फुगत नाही, त्यामुळे ते तांब्याला बाहेर पसरू देत नाही.

दाबाचे हिशेब इथे खेळण्यातले नाहीत. खिडकीच्या एका बाजूला निर्वात आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा असली, तरी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार पडतो. आठ सेंटिमीटर व्यासाच्या पातळ चकतीवर तो पन्नास किलो होतो. रेडिएशनच्या यंत्रात तर बाहेरच्या बाजूला ठिणगी पडू नये म्हणून साध्या हवेऐवजी दुसरा वायू दाबाने भरलेला असतो. आत्याच्या उपचारांच्या वेळी तोच वायू भेगेतून निर्वातात शिरला होता.

खिडकीवर तीन बाजूंनी हल्ला

आता खिडकीकडे जरा जवळून पाहू, कारण सगळा पेच तिथे एकवटतो.

रात्री एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहिले की काचेत आपला चेहरा दिसतो. काच पारदर्शक असली, तरी तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश मागे फिरतो. मायक्रोवेव्हच्या दृष्टीने ॲल्युमिना काचेपेक्षा कितीतरी ‘दाट’ आहे. सरळ येऊन आदळलेल्या लहरीचा चौथा हिस्सा त्याच्या पहिल्याच पृष्ठभागावरून परततो. एक मेगावॅटमधले अडीच लाख वॅट उलटे नळीत घुसले, तर नळीची धडगत नाही. म्हणून चकती, तिच्या पुढची आणि मागची पोकळी आणि दोन्ही बाजूंची धातूची नळकांडी यांची मापे अशी ठरवतात की वेगवेगळ्या जागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना नेमक्या खोडून काढतील. चकतीची जाडी ठरल्यापेक्षा किंचित वेगळी आली किंवा पुडीची घडण बदलून तिचा दाटपणा थोडा बदलला, की हा समतोल ढळतो. नळी बनवणारे लोक प्रत्येक खेपेच्या सिरॅमिकबद्दल इतके चोखंदळ असतात, ते यामुळे.

दुसरा हल्ला उष्णतेचा. कोणतेही सिरॅमिक पूर्ण पारदर्शक नसते; जाता जाता ते लहरीतला थोडा भाग खाते आणि तापते. पन्नास किलोवॅट आरपार जात असताना हजारातला एक भाग जरी अडकला, तरी चकतीत पन्नास वॅट उष्णता साठू लागते आणि चकतीची एक बाजू निर्वातात असल्याने ती हवेने फारशी निवत नाही. उष्णतेला मुख्यतः कडेकडे सरकत तांब्यात उतरण्याचीच वाट असते. मग मध्य तापलेला आणि कड थंड, म्हणजे मध्य फुगू पाहतो आणि कड त्याला ओढली जाते. काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतल्यावर तो जसा तडकतो, तसाच हा ताण आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या प्रवेगकासाठी, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रासाठी, बनवलेल्या प्रसिद्ध क्लायस्ट्रॉनमधून सुमारे साडेतीन मायक्रोसेकंद टिकणारे ६५ मेगावॅटचे ठोके सेकंदाला १८० या गतीने निघतात. गुणाकार केला तर सरासरी शक्ती सुमारे ४१ किलोवॅट भरते. खिडकीला दोन्ही सोसावे लागते, सरासरीची उष्णता आणि ठोक्याच्या क्षणाचा विद्युतताण.

तिसरा हल्ला सर्वांत फसवा आहे आणि मला तो सर्वांत विलक्षण वाटतो. निर्वातातला एखादा भरकटलेला इलेक्ट्रॉन चकतीवर आपटला की ॲल्युमिना त्या बदल्यात एकाहून जास्त इलेक्ट्रॉन बाहेर टाकते. लहरीच्या हेलकाव्याशी त्यांचा ताल जुळला, तर ते उसळून पुन्हा चकतीवरच आपटतात आणि प्रत्येक खेपेला आणखी इलेक्ट्रॉन सुटतात. एकाचे दोन, दोनाचे चार असे होत होत क्षणार्धात पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा थवा जमतो, चकती जागोजागी भाजते आणि शेवटी ठिणगी पडते. त्यावरचा उपाय म्हणजे निर्वाताकडच्या बाजूला टायटॅनियम नायट्राइडचा लेप. तो केवळ काही नॅनोमीटर जाडीचा असतो. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. लेप पातळ झाला तर इलेक्ट्रॉन आवरत नाहीत, जाड झाला तर तो स्वतःच धातूसारखा वागून लहर खातो आणि तापतो. आत्याच्या यंत्रातल्या चकतीवरचा तो तपकिरी डाग मी त्या दिवशी नुसता पाहिला होता. भेगेच्या कडेला ठिणग्यांनी उडवलेला धातू कसा बसतो, हे पुढे वाचताना कळले.

उदबत्तीच्या काडीएवढ्या जागेत

टीडब्ल्यूटीमधले सिरॅमिक दिसायला अगदी सामान्य असते, पण त्याचे काम तितकेच कठीण. या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत मधून सरळ जातो आणि लहर त्याच्याभोवतीच्या टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमच्या वेटोळ्यावरून धावते. वेटोळे कशासाठी? घाटात गाडी रस्त्यावर कितीही वेगाने पळाली तरी वळणांमुळे डोंगर हळूहळूच चढते. लहरही तारेवरून प्रकाशाच्या वेगाने पळते, पण वेटोळ्यामुळे तिची पुढची चाल मंदावते आणि ती झोताच्या बरोबरीने चालू लागते. मग वाटभर झोताकडून ऊर्जा घेत ती लाखपट किंवा त्याहूनही मोठी होते.

डिशवर दूरचित्रवाणी पोचवणाऱ्या पट्ट्यात हे वेटोळे उदबत्तीच्या काडीएवढे बारीक असते. त्याला तीन बाजूंनी सिरॅमिकच्या तीन सडपातळ दांड्या आधार देतात. झोतातले काही इलेक्ट्रॉन तारेवर आदळतात, लहरीमुळेही ती तापते, आणि ही सगळी उष्णता तार आणि दांडी जिथे टेकतात तेवढ्या रेघेवजा जागेतूनच बाहेर पडू शकते. इथे ॲल्युमिना कमी पडते, म्हणून बोरॉन नायट्राइड किंवा बेरिलिया वापरतात. बेरिलिया, म्हणजे बेरिलियमचे ऑक्साइड, विजेला अडवते आणि तरी उष्णता ॲल्युमिनाच्या आठ-दहा पट चांगली वाहून नेते. हे दोन्ही गुण एकत्र असणारे पदार्थ निसर्गात फारच थोडे आहेत.

दांड्यांच्या मधल्या भागावर कार्बनचा पातळ लेप दिलेला असतो. तो मुद्दाम लहर खाण्यासाठीच. सभेत माइक कर्ण्यासमोर आला की शिट्टी घुमू लागते, कारण बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत शिरून मोठा होत राहतो. लाखपट वर्धन करणाऱ्या नळीत टोकावरून परतलेली थोडीशी लहरही अशीच शिट्टी वाजवू शकते. कार्बनचा लेप ती वाटेतच शोषून घेतो. क्लायस्ट्रॉनसारख्या मोठ्या नळ्यांत याच कामासाठी सिलिकॉन कार्बाइड मिसळलेल्या काळपट सिरॅमिकच्या गुटिका बसवतात. एकाच नळीत एक सिरॅमिक लहर अजिबात खाऊ नये म्हणून निवडलेले असते आणि दुसरे ती हवी तेवढी खावी म्हणून.

खरी परीक्षा सांध्याची

सिरॅमिक कितीही उत्तम असले, तरी ते धातूला हवाबंद जोडता आले पाहिजे. इथेच बहुतेक कारखाने अडखळतात. वितळलेला धातू सिरॅमिकवर पाण्याच्या थेंबासारखा गोळा होऊन राहतो, चिकटतच नाही. १९३०च्या दशकात जर्मनीत टेलिफंकन कंपनीत यावर तोडगा शोधण्याचे काम सुरू झाले आणि पुढे त्यातून आजची प्रचलित रीत तयार झाली. मॉलिब्डेनम आणि मँगनीज यांच्या पुडीचा लेप सिरॅमिकच्या कडेवर देतात आणि तो ओलसर हायड्रोजन वायूत सुमारे १४०० ते १५०० अंशांवर भाजतात. त्या उष्णतेत सिरॅमिकच्या कणांमधला काचेसारखा अंश मऊ होऊन मॉलिब्डेनमच्या जाळीत झिरपतो आणि दोघांना घट्ट धरतो. त्यावर निकेलचा मुलामा चढवला की ती कड धातूसारखी वागू लागते. मग तिथे चांदी आणि तांब्याच्या मिश्रधातूने झाळकाम करतात. ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे हे मिश्रण ७८० अंशांना नेमके वितळते. सोनाराची डाख देण्याची पद्धत आणि ही पद्धत यांतले तत्त्व एकच आहे, फक्त इथे भट्टीत हवेचा अंश चालत नाही.

या रीतीत एक गंमतशीर पेच आहे. सांधा पक्का होतो तो सिरॅमिकमधल्या काचेसारख्या अंशामुळे, आणि लहर जास्त खाल्ली जाते तीही त्याच अंशामुळे. ९९.५ टक्के किंवा त्याहून शुद्ध ॲल्युमिना खिडकीसाठी उत्तम, पण जोडायला हट्टी. ९४-९६ टक्क्यांचे जोडायला सोपे, पण जास्त तापणारे. कुठे कोणते घ्यायचे, लेपात काय मिसळायचे, भट्टी किती वेगाने निववायची, हे ज्ञान पुस्तकात अर्धेच लिहिलेले असते. उरलेले अर्धे भट्टीजवळच्या माणसांच्या वह्यांत असते.

कच्चा तुकडा भाजताना प्रत्येक मापात साधारण १५ ते २० टक्के आकसतो. कुंभाराला आवा लावताना हे गृहीत धरावे लागते, पण मडके थोडे लहानमोठे झाले तरी चालते. इथे शेवटी हिऱ्याच्या चाकाने घासून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप आणावे लागते. मडके आपण वाजवून घेतो; या सांध्यांवर हेलियम वायू सोडून तपासतात, कारण हेलियमचे अणू इतके लहान की डोळ्यांना कधी न दिसणाऱ्या फटीतूनही ते आत शिरतात आणि आतले उपकरण त्यांना मोजते. सूक्ष्म गळती असलेली नळी आज उत्तम चालेल आणि दोन वर्षांनी कपाटातच मरेल.

मग साधी काच का नको?

काच होतीच. जुन्या रेडिओच्या नळ्या काचेच्याच होत्या आणि सुरुवातीच्या मायक्रोवेव्ह नळ्यांच्या खिडक्याही काचेच्या होत्या. पण काच उष्णता फार वाईट वाहते, लहर जास्त खाते आणि पाचशे अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. नळीच्या भिंतींत अडकलेला वायू काढून टाकण्यासाठी ती जितकी जास्त तापवता येईल तितके तिचे आयुष्य वाढते. सिरॅमिकने ही मर्यादा वर नेली आणि शक्तीही त्याबरोबर वर गेली.

याच्या दुसऱ्या टोकाला हिरा आहे. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या संमीलन प्रकल्पात, म्हणजे अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवू पाहणाऱ्या प्रकल्पात, सेकंदाला १७,००० कोटी हेलकाव्यांची, एकेका नळीतून दहा लाख वॅटची लहर सलग सोडायची आहे. तिथे ॲल्युमिना टिकत नाही, म्हणून वायूपासून थर चढवून बनवलेल्या कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या खिडकीत बसवल्या जातात. त्या प्रकल्पाला अशा शक्तिस्रोतांचा काही भाग भारतही पुरवणार आहे.

चिपच्या जमान्यात नळ्या कशाला?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्यात तथ्यही आहे. गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरांनी रडारच्या क्षेत्रात नळ्यांना मोठ्या प्रमाणात मागे सारले आहे. लढाऊ विमानांच्या नव्या रडारमध्ये शेकडो छोटे वर्धक शेजारी शेजारी बसवतात. त्यातले काही बिघडले तरी रडार चालू राहते, हा नळीकडे नसलेला गुण आहे. कमी वारंवारतेच्या उपग्रहांतही ट्रान्झिस्टर पुढे येत आहेत, आणि पुढच्या वीस वर्षांत ही सीमा आणखी सरकेल असे मला वाटते.

तरीही एकाच ठिकाणी काही मेगावॅटचा ठोका हवा असेल, तर हजारो ट्रान्झिस्टरांची शक्ती एकत्र गोळा करण्यापेक्षा एक क्लायस्ट्रॉन किंवा मॅग्नेट्रॉन आजही साधा आणि स्वस्त पडतो. म्हणून रेडिएशनच्या यंत्रांत तेच आहेत. अवकाशात प्रश्न विजेच्या काटकसरीचा आहे. उपग्रहावरची चांगली टीडब्ल्यूटी तिला दिलेल्या विजेपैकी साठ टक्क्यांहून अधिक भाग लहरीत बदलते. केयू पट्ट्यात, म्हणजे आपल्या डिशच्या पट्ट्यात, शे-दीडशे वॅट देताना ट्रान्झिस्टर अजून तिथपर्यंत पोचलेला नाही. जून २०२२ मध्ये सोडलेल्या जीसॅट-२४ सारख्या उपग्रहावर डीटीएच सेवेसाठी केयू पट्ट्यातले २४ ट्रान्सपाँडर, म्हणजे लहर घेऊन ती मोठी करून परत पाठवणारे संच, आहेत. प्रत्येक संचामागे वाया जाणारी वीज म्हणजे मोठे सौरपंख आणि अधिक उष्णता.

टिकाऊपणाचा दाखला हवा असेल, तर १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ यान पाहावे. ते आता २४०० कोटी किलोमीटरहून दूर आहे आणि तिथून माहिती पाठवणारा त्याचा साधारण २० वॅटचा वर्धक टीडब्ल्यूटीच आहे. तिच्या आतल्या सिरॅमिकचे सांधे जवळजवळ अर्धशतक गळलेले नाहीत.

बेरिलिया विषारी असते, त्याचे काय?

बेरिलियाची बारीक धूळ श्वासात गेली तर फुप्फुसांचा गंभीर आणि बरा न होणारा आजार होऊ शकतो. अखंड, भाजलेला तुकडा हातात घेतल्याने अपाय होत नाही. धोका तो घासताना, कापताना किंवा फोडताना असतो. म्हणून त्याचे काम बंदिस्त, हवा गाळणाऱ्या खोल्यांतच करतात. त्याच्या जागी ॲल्युमिनियम नायट्राइड आणण्याचे प्रयत्न अनेक वर्षे चालू आहेत आणि लहर शोषणाऱ्या गुटिकांच्या बाबतीत ते बरेच यशस्वी झाले आहेत.

भंगार गोळा करणाऱ्या आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसांसाठी इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. घरगुती ओव्हनच्या मॅग्नेट्रॉनमध्ये सहसा ॲल्युमिना असते, पण बेरिलिया आणि ॲल्युमिना नुसते पाहून ओळखता येत नाहीत. जुन्या नळीतले कोणतेही सिरॅमिक हातोड्याने फोडू नये आणि ग्राइंडरला तर मुळीच लावू नये.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

राजस्थानात पिलानीची सीरी ही संस्था, बंगळूरमधले संरक्षण संशोधन खात्याचे मायक्रोवेव्ह नळी केंद्र आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी क्लायस्ट्रॉन, मॅग्नेट्रॉन आणि टीडब्ल्यूटी यांवर कित्येक दशके काम केले आहे. नवी मुंबईत वाशीला भाभा अणुसंशोधन केंद्राचा बेरिलियमचा कारखाना आहे, जिथे बेरिलिया तयार होत आले आहे. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने रेडिएशनची यंत्रे देशात बनवली आणि त्यातले एक वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसवले गेले. म्हणजे ज्ञान नाही असे नाही.

अडचण संख्येची आहे. नळीच्या खिडक्या वर्षाला थोड्याच लागतात, आणि तेवढ्यासाठी एकाच गुणाची पूड पुरवत राहणे, भट्टी चालू ठेवणे, अनुभवी माणसे टिकवणे कोणत्याही कारखान्याला परवडत नाही. मागणी सुरू होते, दोन-तीन खेपा होतात, मागणी थांबते. पुन्हा सुरू होईपर्यंत पूड बदललेली असते आणि भट्टीजवळचा माणूस निवृत्त झालेला असतो.

यावर एक वाट आपल्या डोळ्यांसमोरच आहे. गावाबाहेरच्या वीज उपकेंद्रात ११ किंवा ३३ हजार व्होल्टचा प्रवाह तोडणारे जे ब्रेकर असतात, त्यांच्या पोटात आज निर्वात बाटल्या असतात. त्या बाटलीची भिंत म्हणजे ॲल्युमिनाचे नळकांडे, त्याच्या कडांना मॉलिब्डेनम-मँगनीजचा तोच लेप आणि तेच झाळकाम. या बाटल्या लागतात मोठ्या संख्येने, दरवर्षी, आणि त्यांच्यासाठीची धातुलेपित सिरॅमिक नळकांडी भारतात बनतात. जी भट्टी वर्षभर ब्रेकरची नळकांडी भाजते, तिच्यावरच महिन्यातले काही दिवस अधिक शुद्ध पुडीच्या खिडक्या भाजल्या, तर हातही चालता राहतो आणि खर्चही वाटून जातो. त्यासाठी नळी बनवणाऱ्या संस्थांनी आपापली वेगळी मापे बाजूला ठेवून दोन-चार समान मापांच्या चकत्या ठरवाव्या लागतील, आणि पाच-सहा वर्षांची मागणी आधीच लेखी द्यावी लागेल.

आत्याचे यंत्र पाचव्या दिवशी सुरू झाले. नवी चकती परदेशातून आली होती. ती बसवायला अभियंत्याला दुपारपर्यंतचा वेळ लागला आणि त्यानंतर आतला दाब पुरेसा उतरेपर्यंत तो रात्रभर पंपाजवळ बसून होता.